दोन फुटी टाकी

गोकुळपेठेच्या बाजारामागे नान्हेभाऊंचं दुकान.
बाहेर सेहेचाळीस, आत पंपांची गुळगुळ
आणि निळ्या उजेडात ओळीनं मांडलेली घरं.
तिनं गणिताच्या वहीचं शेवटचं पान पुढं केलं:
"फक्त आशियातलेच पाहिजेत. झाडं, लाकूड, सगळं तिकडचंच."
नान्हेभाऊंनी चष्मा कपाळावर नेला.
"तिकडचं म्हणजे? मंग आपण कुठं रायतो, बाई?"

मी हसलो. ती नाही.

यादीत पहिला फायटर, निळा, घोळदार शेपटीचा.
त्याच्याखाली टायगर बार्ब, सहा.
"हे दोघं एका टाकीत? ना जी.
टायगर दिवसभर त्याची शेपटी कुरतडते.
आठ दिवसांत झालर जाते, मंग जीव."
दोन्ही नावं खोडली.
मग चीनच्या डोंगरओढ्यातला तो चिमुकला मासा,
ज्याला पाणी लागतं विशीच्या आसपासचं.
नान्हेभाऊ काही बोललेच नाहीत,
नुसते दाराबाहेर बघत राहिले,
मऊ पडलेल्या डांबराकडे.
तेही खोडलं. पेन्सिलीचं टोक मोडलं.

मी उभ्या उभ्या
मनात आमचीच यादी करत होतो:
मी, पन्नाशीचा, पहाटे रेडिओ लावणारा.
तिची आई, मेयोत आठवड्याला तीन रात्री.
ती, अकरा वर्षांची, दार लावून घेणारी.
फेब्रुवारीपासून एका पाण्यात.
कुणी कुणाची शेपटी कुरतडलेली नाही अजून;
कुणी फार जवळून पोहतही नाही.

नान्हेभाऊंचे आजोबा भंडाऱ्याकडच्या तलावात जाळं टाकत.
"त्यायच्या जाळ्यात असंच पट्ट्यावालं यायचं,"
झेब्रा डॅनिओच्या काचेवर त्यांनी नख वाजवलं,
"फेकून देत. ना खायच्या कामाचं, ना विकायच्या.
आता कलकत्त्याहून पिशवीत येते, वीस रुपयाले जोडी."

अर्ध्या तासानं यादी उलटीपालटी होऊन उरली:
रासबोरा आठ, घोळक्यात असले तरच धीट होणारे;
मधाच्या रंगाच्या गुरामीची एक जोडी,
आणि तळाला कुहली लोच, सहा,
शेवयांएवढे, वाळूत तोंड खुपसणारे.
"झेब्रा नको का?" मी विचारलं.
"ते फार पळतात. गुरामी घाबरून जेवणार नाही."
हे तिनं सांगितलं, मला,
आणि नान्हेभाऊंनी मान डोलावली.

पिशवीत हवा भरता भरता ते म्हणाले,
"पोरगी तुमचीच ना जी?"
पंप गुळगुळत राहिले.
"टाकी यांची," मैथिली म्हणाली. "मासे माझे."

ओल्या टॉवेलात गुंडाळलेला डबा
स्कूटरवर आम्हा दोघांच्या मधे.
रामनगरच्या चढावर तिनं एकदाच सांगितलं, हळू.

घरी टाकी तीन आठवडे नुसतीच चालू होती,
पाणी, वाळू, पंप.
येणारा-जाणारा विचारी, यात आहे काय?
ती म्हणायची, तयारी.
शाळेच्या मैदानातून वेचलेली बदामाची वाळकी पानं
पाण्यात हळूहळू चहा उतरवत होती.
दुपारी कूलरचं तोंड आम्ही टाकीकडे वळवलं.
पाणी तेहेतीसवरून एकोणतीसवर आलं;
मी बनियनवर, रुमालानं वारा घेत.

रात्री दीड. तिची आई ड्यूटीवर.
बैठकीत टॉर्च, काचेवर लाल पतंगी कागद.
मी जाऊन बाजूला फरशीवर बसलो,
तिनं बोलावलं नव्हतं.
लाकडाखालून एक पट्टा सरकला, मग दुसरा,
पानाखालून दोन.
"चारच?" मी म्हणालो. "सहा आणले होते ना?"
"मोजू नका," ती कुजबुजली,
"दिसत नसले तरी असतात."

मग टॉर्च माझ्या हातात दिला,
नाक काचेला टेकवलं,
आणि स्वतःच पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.